‘नोकरी सोडली’ या वाक्याचा कर्ता



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांनी मला आठवीत आणि नववीत मराठीचं व्याकरण शिकवलं. इथं बसलेल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातची छडी खाल्ली असेल. मी खाल्ली नाही, पण माझ्या वाट्याला त्यांचा प्रश्न आला. वाक्य फळ्यावर लिहायचं, खडू टेबलावर ठेवायचा आणि विचारायचं, “कर्ता कोण?” उत्तर चुकलं की, “बस. वाक्याच्या घरात शिरलीस आणि घरमालकाला न भेटताच परत आलीस.” पुढं मी वकील झाले. सदतीस वर्षं कोर्टात काढल्यावर आज सांगते, वकिलीत याहून वेगळं काही करावं लागत नाही.

आजचं वाक्य आमच्या घरातलं आहे. ‘आत्यानं लग्न झालं तेव्हा नोकरी सोडली.’ लहानपणापासून मी ते किमान शंभर वेळा ऐकलं असेल. पाहुणे आले, आत्याचा विषय निघाला, की आजी म्हणायची, वडील म्हणायचे, आणि पुढंपुढं आत्याही म्हणायची. नोकरी साधी नव्हती. ती विमानात होती.

१९६२ साली भिवंडीतली एक मुलगी विमानात नोकरीला लागते, हे आज ऐकायला जितकं नवलाचं वाटतं त्याहून तेव्हा जास्त होतं. आमचे चार लूम होते, घराला लागून. सायझिंगमधून बीम यायचा, घरातल्या बायका कांड्या भरायच्या, तागे व्यापाऱ्याकडं जायचे. आत्या बी.ए. झाली तीसुद्धा दादरला तिच्या मावशीकडं राहून. तिथंच तिनं इंग्रजी पेपरातली जाहिरात पाहिली. सांताक्रूझला उतरणाऱ्या परदेशी विमान कंपन्यांना तेव्हा भारतीय मुली हव्या असत. उतारूंपैकी बरेच आपल्याकडचे, त्यांची भाषा बोलणारं, त्यांच्या जेवणाखाण्याचं कळणारं कुणीतरी हवं. शिवाय विमानात साडी दिसली की जाहिरात आपोआप होते. कंपनीचं नाव मी घेणार नाही. कारण पुढं येईल, आणि शिवाय मी वकील आहे.

नोकरी लागल्यावर ती पहिल्यांदा घरी आली तो प्रसंग माझ्या कळत्या वयाआधीचा. पण आजीनं तो इतक्यांदा सांगितला की मला तो दिसतो. आजी नऊवारीत, चुलीपाशी. तिनं विचारलं, “म्हणजे तू तिथं करतेस तरी काय?”

“वाढते.”

“किती पानं?”

“असतील शंभर-सव्वाशे.”

“आणि खरकटं?”

“तेही मीच उचलते.”

आजीनं फुंकणी खाली ठेवली. “मग इथं काय कमी होतं?”

यावर सगळे हसायचे, आत्या सगळ्यांत जास्त. पण त्या प्रश्नाला उत्तर होतं आणि ते आत्याला ठाऊक होतं. इथल्या वाढण्याला पगार नव्हता.

आपल्या भाषेनं या कामाला काय नाव दिलं पाहा. हवाई सुंदरी. गवंड्याला आपण त्याच्या कामावरून ओळखतो, शिंप्याला, कासाराला, वाढप्यालासुद्धा. हिला मात्र दिसण्यावरून. ‘परिचारिका’ हा चांगला शब्द हाताशी होता आणि इतिहासही त्याच्याच बाजूचा होता. १५ मे १९३० रोजी अमेरिकेत एलन चर्च नावाची बाई बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात चढली. जगातली पहिली विमान-परिचारिका म्हणून तिचं नाव घेतात. ती पेशानं नर्स होती. तिला खरं तर विमान चालवायचं होतं, पण बाईला वैमानिक कोण करणार? मग तिनंच कंपनीला सुचवलं की विमानात नर्स ठेवा, लोकांची भीती कमी होईल. तिच्यासकट पहिल्या आठही जणी नर्स. अट अशी की वय पंचविसाच्या आत, लग्न झालेलं नसावं, वजन आणि उंची बेताची. आणि काम? सामान उचलायचं, जेवण द्यायचं, ओकणाऱ्यांना सांभाळायचं, सैल झालेल्या खुर्च्यांचे स्क्रू आवळायचे. सुंदरी म्हणे!

आत्या हा शब्द ऐकला की म्हणायची, “हवाई वाढपीण म्हणा, मला चालेल.” पण तेही पूर्ण खरं नव्हतं. वाढणं हा कामाचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग तिनं मला फार उशिरा सांगितला. प्रशिक्षणात त्यांना पोहण्याच्या तलावात तराफा फुगवायला लावत, अंगातल्या कपड्यांसकट पाण्यात उडी मारायला लावत. धूर झाला तर दार डोळे मिटून उघडता आलं पाहिजे, म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून दाराचा दांडा फिरवायचा सराव. अमेरिकी नियमानं १९६७ पासून भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं करून दाखवणं बंधनकारक झालं. तेही निम्मे दरवाजे बंद धरून. ट्रे गोळा करणाऱ्या त्या हसऱ्या मुलीला हे सगळं येत असतं आणि ते वापरायची वेळ आली नाही तरच दिवस चांगला गेला म्हणायचा.

ती वेळ ज्यांच्यावर आली त्यातलं एक नाव आज घेतलंच पाहिजे. ११ एप्रिल १९५५. एअर इंडियाचं ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान हाँगकाँगहून जाकार्ताला निघालं होतं. बांडुंग परिषदेला जाणारे चिनी प्रतिनिधी आणि पत्रकार त्यात होते. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय त्या विमानात असतील अशा समजुतीनं कुणीतरी हाँगकाँगला त्यात बॉम्ब ठेवला. चौ एन-लाय त्यात नव्हतेच. दक्षिण चिनी समुद्रावर स्फोट झाला, पंख पेटला. कॅप्टन दामोदर जठार, मराठी माणूस, त्यांनी विमान पाण्यावर उतरवायचा प्रयत्न केला. १९ जणांपैकी १६ गेले. वाचलेल्या तिघांत कर्णिक नावाचे आपले देखभाल अभियंता होते. त्यांनी पुढं त्यावर पुस्तक लिहिलं. त्या विमानात ग्लोरिया बेरी नावाची परिचारिका होती. केबिनमध्ये धूर भरत असताना ती उतारूंना जीवरक्षक जाकिटं देत होती. ती परत आली नाही. जठार आणि कर्णिक ही नावं मराठी घरांत कधीमधी ऐकू येतात. ग्लोरिया बेरी हे नाव मी माझ्या घरात फक्त आत्याच्या तोंडून ऐकलं. त्यांच्या प्रशिक्षणात तो किस्सा सांगत, असं ती म्हणायची.

दुसरा प्रसंग आमच्या घरातला. २४ जानेवारी १९६६. एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ माँ ब्लाँवर आदळलं. ११७ जण गेले, त्यात होमी भाभा. देशाला भाभा आठवतात, आणि ते योग्यच आहे. त्या ११७ मध्ये ११ कर्मचारी होते. आमच्याकडं त्या संध्याकाळी रेडिओवर बातमी आली तेव्हा आजीला फक्त ‘मुंबईहून निघालेलं विमान’ एवढंच कळलं. आत्याची कंपनी दुसरी, हे वडिलांनी तीनदा सांगितलं. पण आजीच्या लेखी आकाशात एकच विमान होतं. फोन सायझिंगवाल्या शेटकडं. वडील सायकलवरून गेले, दादरच्या मावशीच्या शेजाऱ्यांचा नंबर लावला, लागला नाही. आत्या तिसऱ्या दिवशी एसटीनं आली. हातात बॅग आणि कसल्याशा परदेशी चॉकलेटचा डबा. आजी तिला काही बोलली नाही, अंगणातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग आत गेली आणि दोन दिवस तिच्याशी बोललीच नाही.

तो चॉकलेटचा डबा अजून आमच्याकडं आहे. त्यात आता बटणं असतात. आमच्या घराण्यानं आत्याच्या नोकरीतून काय लक्षात ठेवलं तर हा डबा, साडीची पिन लावायची तिची पद्धत, आणि एकदा म्हणे तिच्या विमानात कुणी सिनेनट होता ते. तो कोण, यावर काकांचं आणि वडिलांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

१९६७ मध्ये लग्न ठरलं. कल्याणचं स्थळ, भला माणूस, नोकरीला त्याची हरकत नव्हती. तरीही नोकरी ‘सोडली’. मी मोठी झाल्यावर विचारलं, का सोडलीस? ती म्हणाली, “सोडायचीच असते.” म्हणजे काय? “म्हणजे कंपनीत तसंच होतं. लग्न केलं की संपलं.” हे ती अशा आवाजात म्हणाली की जणू पावसाळ्यात छत्री न्यायचीच असते.

आणि हे तिच्याच कंपनीत होतं असंही नाही. अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांत लग्न केलं की बाहेर, काही ठिकाणी वयाची बत्तिशी झाली की बाहेर. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेऊन तिथल्या मुली भांडल्या, तेव्हा कुठं त्या दशकाच्या अखेरीपासून हे नियम गळू लागले. म्हणजे आमची आत्या बाहेर पडत होती त्याच वर्षांत हे भांडण चाललं होतं. तिला त्याचा पत्ता नव्हता.

आता कोर्टाकडं येते. मघाशी म्हटलं तसं, मी वकील आहे, आणि हे माझ्या आवडीचं प्रकरण आहे. एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा, सर्वोच्च न्यायालय, २८ ऑगस्ट १९८१. मुंबईच्या मुलींनी लढवलेलं प्रकरण. एअर इंडियाच्या सेवानियमात ४६ क्रमांकाचा नियम होता. त्याचा आशय असा की विमान-परिचारिका वयाची ३५ वर्षं पूर्ण झाल्यावर, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास लग्नानंतर, किंवा पहिल्या गरोदरपणी, यांतलं जे आधी घडेल तेव्हा निवृत्त होईल. पुढच्या नियमानं व्यवस्थापकीय संचालकांना मुदत वाढवायचा अधिकार होता, पंचेचाळिशीपर्यंत, त्यांच्या मर्जीनं. त्याच विमानात जवळपास तेच काम करणारा पुरुष, सहायक फ्लाइट पर्सर, ५८ व्या वर्षापर्यंत काम करत होता.

हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला सर आठवले. ‘निवृत्त होईल.’ कर्ता कोण? परिचारिका. कर्तरी प्रयोग, अगदी शुद्ध. ती निवृत्त होईल, जशी चिमणी उडेल, जसा मुलगा जेवेल. या वाक्यात कंपनी कुठंच नाही. मुलीला दिवस गेले आणि ती निवृत्त झाली. सत्ताविसाव्या वर्षी!

न्या. फजल अली यांनी निकाल लिहिला. गरोदरपणाची अट त्यांनी घटनाबाह्य ठरवली. ती क्रूर आहे, भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, अशा अर्थाचे शब्द त्यांनी वापरले. संचालकांची मर्जीही रद्द केली. मुलगी प्रकृतीनं ठीक असेल तर तिला पंचेचाळिशीपर्यंत ठेवावं लागेल, कुणाच्या लहरीवर नाही. इथपर्यंत टाळ्या वाजवायला हरकत नाही. पण वय ३५ ची अट टिकली, आणि पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास नोकरी जाण्याची अटही टिकली. का टिकली? तर एवढ्यात मुलगी पोक्त होते, कुटुंबनियोजनाला मदत होते, आणि कंपनीनं तिच्या प्रशिक्षणावर केलेला खर्च वाया जात नाही. शिवाय पर्सर आणि परिचारिका हे भरतीपासूनच वेगळे वर्ग, म्हणून भेदभाव नाही. वेगळे वर्ग केले कुणी, हे विचारायचं राहून गेलं.

तेव्हा मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते. हा निकाल मी आत्याला वाचून दाखवला. ती अडुळशाचा काढा गाळत होती. चार वर्षांच्या अटीपाशी आल्यावर तिनं गाळणं थांबवलं. “म्हणजे पाचव्या वर्षी लग्न पिकतं म्हणायचं,” ती म्हणाली. “कैरीसारखं.” मग काढा गाळून झाल्यावर, गाळणी आपटता आपटता: “मला पाच वर्षं झाली होती गं.” तिच्या कंपनीचा नियम वेगळा होता, तिथं चार आणि पाचाला काही अर्थ नव्हता. पण हे वाक्य ती जे म्हणाली ते नियमाबद्दल नव्हतं, एवढं मला तेव्हाही कळलं.

भांडण तिथं संपलं नाही. बायकांनी आकाशात किती वर्षांपर्यंत काम करायचं आणि मग जमिनीवर कधी यायचं, यावर २००३ मध्येही सर्वोच्च न्यायालय निकाल देत होतं. तपशिलात जात नाही. ज्यांना रस असेल त्यांनी नंतर मला गाठावं, चहा घेत सांगेन.

१९८६ च्या सप्टेंबरनंतर मात्र एक बदल झाला, तो आळीत. कराचीच्या विमानतळावर पॅन ॲमच्या अपहरण झालेल्या विमानात नीरजा भनोत ही मुंबईची मुलगी उतारूंना वाचवताना गेली. वय २२. तिला अशोकचक्र मिळालं. आत्याचे यजमान वारल्यावर ती आमच्याकडंच राहायला आली होती. शेजारपाजारच्या बायका तिला ‘परदेशी साबण कुठला चांगला’ असलं काहीबाही विचारायच्या. त्या महिन्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, “तुम्हालापण हे शिकवलेलं का हो?” आत्यानं पदर खोचला आणि आमच्या ओसरीवर, दोन पाट समोरासमोर ठेवून, खुर्चीखालचं जाकीट कसं काढायचं, डोक्यातून कसं घालायचं, विमानाच्या आत असताना ते का फुगवायचं नाही, हे करून दाखवलं. जाकिटाच्या जागी आजीची गोधडी. पाच बायका आणि एक कांडीवाला पोरगा बघत होते. एकोणीस वर्षांनी तिचा हात कुठंही अडखळला नाही.

आता तो कागद.

आत्या २०११ मध्ये गेली. तिच्या ट्रंकेत एका साडीच्या घडीत मला एक पिवळा पडलेला कागद सापडला. राजीनाम्याची प्रत. इंग्रजीत. माझ्या वैयक्तिक कारणांमुळे मी माझी नोकरी स्वखुशीनं सोडत आहे, अशा मजकुराची, खाली आत्याची सही. माहेरच्या नावानं केलेली, बहुधा शेवटची.

क्षणभर मला वाटलं, संपलं. आजी खरं बोलत होती. ‘आत्यानं नोकरी सोडली.’ पुरावा लेखी. कोर्टात मी समोरच्या बाजूला असते तर हाच कागद दाखवून दावा फेटाळून घेतला असता.

मग मी तो उजेडात धरला. मजकूर टाईप केलेला नव्हता. तो सायक्लोस्टाईलचा होता, कडांना शाई जरा पसरलेली. मध्ये दोन जागा कोऱ्या सोडलेल्या. त्यांत आत्याचं नाव आणि तारीख मागाहून टाईप केलेली, वेगळ्या यंत्रावर, ओळीपासून किंचित वर सरकलेली. म्हणजे हा कागद तिच्यासाठी लिहिलेला नव्हताच. कुठल्याशा कपाटात अशा कागदांचा गठ्ठा असणार. मुलगी आली, लग्नाचं म्हणाली, की एक काढायचा, नाव घालायचं, पुढं सरकवायचा. स्वखुशी आधीपासून छापून तयार.

आता व्याकरणाकडं. ‘आत्यानं नोकरी सोडली’ हा कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद ‘सोडली’, ते नोकरीच्या लिंगाप्रमाणे चालतं. सोडणाऱ्या जागी काका घाला, सोडलीच. आत्या घाला, सोडलीच. सोडणारा कोण, बाई की बुवा, याचं क्रियापदाला सोयरसुतक नाही. ‘नोकरी सुटली’ म्हटलं तर कर्ता नोकरी, जणू गाठ आपसूक सुटावी. आणि खरं काय झालं ते सांगायचं तर, ‘तिला नोकरीवरून काढलं’. भावे प्रयोग. त्यात काढणाऱ्याचा पत्ताच नाही. म्हणजे तिन्ही वाटांनी जा, ज्यानं गठ्ठा छापून घेतला तो वाक्याबाहेरच उभा. सर, मला हे तुम्हाला दाखवायचं होतं.

आजीला दोष देऊ नका. मुलीला काढलं असं सांगण्यापेक्षा मुलीनं सोडली असं सांगणं त्या काळात बरं दिसायचं, आणि आत्याचाही मान राहायचा. आत्या स्वतः ते वाक्य का म्हणायची हे मात्र मी तिला कधी विचारलं नाही. वकील माणूस घरी उलटतपासणी करत नाही.

एक शेवटचं सांगते आणि थांबते. भिवंडीत राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. आपण लूमच्या खडखडाटात झोपतो आणि तो थांबला की जागे होतो. शुक्रवारी सुट्टी असली की आमच्याकडं पाहुण्यांना गाढ झोप लागायची आणि आम्ही रात्रभर कूस बदलत असायचो. आत्या म्हणायची विमानातही तसंच. इंजिनाच्या आवाजात डुलकी लागते, पण सूर जरा बदलला की डोळे उघडतात, आपण उठून बसलेले असतो, पाय आधी जमिनीवर.

एकदा उन्हाळ्यात रात्री वीज गेली. चारही लूम एकदम गप्प झाले. आम्ही भावंडं माजघरात ओळीनं झोपलेलो, आत्या सुट्टीला आलेली. डोळे उघडले तर काळोख, आणि त्या काळोखात कुणीतरी उभं राहून आमच्या डोक्यांवरून एकेक बोट फिरवत चाललेलं, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत.

“पाच,” आत्या हळूच म्हणाली. “सगळे आहेत. झोपा.”